'नाशिक' या शब्दात अक्षरं किती? दोन की तीन?

गोदाकाठची
परवा गंगेवर शाळकरी मुलांची कविता म्हणायची स्पर्धा होती. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) मी परीक्षक होते. सातवीतल्या एका मुलीने स्वतः रचलेली कविता म्हटली, तीही भुजंगप्रयातात, म्हणजे लघू (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांच्या जागा ठरलेल्या वृत्तात. हे वय आणि हे वृत्त! शेजारच्या परीक्षकांनी मात्र दोन गुण कापले. का, तर दोन गुरू हवेत त्या जागी तिने 'नाशिक' घातलं. पुस्तकाप्रमाणे ना-शि-क, म्हणजे एक गुरू, दोन लघू. वृत्त फसलं. पण पोरगी म्हणाली होती 'नाशिक्', म्हणजे ना आणि शिक्, दोन्ही गुरू. ऐकताना मला कुठेही ठेच लागली नाही.

आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. घर्, पाऊस्, वडापाव्. अशी लघू-गुरूंची गणवृत्तं आली संस्कृतातून, आणि तिथे तो अ पुरता म्हणतात. आपण मात्र जो स्वर बोलतच नाही तोही मोजत बसतो. न आलेल्या पाहुण्याचं पान वाढून ठेवायचं आणि मग जेवण कमी पडलं म्हणून ओरडायचं. गुण कापायला नको होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त मास्तर
बाई, असहमत. रामदासांनी तप केलं ती टाकळी आपल्याच गावात. त्यांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, ओळीला चार 'य' गण (लघू-गुरू-गुरू), बारा अक्षरं. ज्या पोराला अजून 'ग म भ न' येत नाही तेही ते धडाधड म्हणतं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणून पाहा, लगागा लगागा लगागा लगागा (ल लघू, गा गुरू). हे कागदावरचं गणित असतं तर त्या पोराच्या कानात बसलं असतं का? शुद्धलेखनाच्या नियमांतही कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट आहे. आणखी किती सूट हवी? आज 'नाशिक्' चालवा, उद्या यमकही नको म्हणाल.

गोदाकाठची
सर, तुमचीच ओळ घ्या. ना, ना, चि, वे. एकाही शब्दाच्या शेवटी गिळायला अ नाहीच! म्हणून तर ती जिभेवर इतकी बसते. त्याच श्लोकात पुढे 'सोडूनि' आहे. त्यातला 'नि' म्हणायचा, म्हणून मोजायचा. आज आपण 'सोडून्' म्हणतो आणि वहीत मात्र सो-डू-न लिहून तीन मोजतो. जीभ बदलली, मोजपट्टी तीच राहिली.

ढोलवाला_पंचवटी
मी पथकात वाजवतो, व्याकरणातलं फार कळत नाही. पण आम्ही अक्षरं मोजत नाही, वेळ मोजतो. ना म्हणजे दोन मात्रा. शि आणि क एकेक, म्हणजे दोन. 'शिक्' एकदम म्हटलं तरी दोनच. एकूण चार. मग भांडण कसलं? नुसत्या मात्रा मोजायच्या त्या मात्रावृत्तात दोघंही बरोबर.

निवृत्त मास्तर
शाब्बास. पण तिने मात्रावृत्त घेतलंच नव्हतं ना! भुजंगप्रयात घेतलं की लघू-गुरूची जागा पक्की. 'नाशिक' हा भ गण (गुरू-लघू-लघू), तो तिथे बसत नाही. खेळ निवडला की त्याचे नियम पाळा.

बागलाणकर
ढोलवाले भाऊ, 'देव' घ्या. दे दोन, व एक, तीन मात्रा. 'देव्' म्हटल्यावर किती?

ढोलवाला_पंचवटी
तीनच. दे जरा ओढायचा.

बागलाणकर
ओढायचा! बघा, आलात मुद्द्यावर. आणि ताई, 'आपण गिळतो' म्हणजे कोण आपण? आमच्या सटाण्याकडे अहिराणी. 'कथा चालना भाऊ?' एवढं विचारतानासुद्धा आमचा हेल वर जाऊन खाली येतो. शहरातली माणसं हसतात, हसू देत.

आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर बसली की ओव्या. एका ओळीत नऊ अक्षरं, पुढच्या ओळीत तेरा, पण जात्याचा फेरा तेवढ्यालाच पुरा व्हायचा. अक्षरं कमी पडली की मध्ये 'गं बाई' टाकायची, जास्त झाली की भरभर म्हणून मोकळी. खुंट्याचा हात थांबला नाही म्हणजे ओवी बरोबर. लघू-गुरू विचारले असते तर तिने पिठाचा हात माझ्या तोंडावर फिरवला असता.

निवृत्त मास्तर
लोकगीताची ओवी आणि ग्रंथातली ओवी यांत गल्लत नको. ज्ञानेश्वरीच्या ओवीचे चरण साडेतीन, पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड. अक्षरसंख्या तिथेही लवचीक आहे, हे मान्य. पण अभंग घ्या, मोठा अभंग, चरणांत अक्षरं ६-६-६-४. तिथे मुका अ मोजतात आणि गातानाही तो ओढून म्हणतात. म्हणजे तुमचा 'न आलेला पाहुणा' टाळ वाजला की येतो!

गोदाकाठची
हे बाकी खरं. गाण्यात येतो, बोलण्यात नाही. पण ती मुलगी गात नव्हती, बोलत होती. कविता *म्हणण्याची* स्पर्धा होती, सर.

निफाडचा
मध्येच बोलतो. कधीतरी सकाळी लासलगावला कांद्याच्या लिलावात उभे राहा. बोली पुकारणारा आकड्यांवर असा डुलतो की भाव पडला तरी पाय ठेका धरतो. आमचं दुःखसुद्धा तालात. दुसरं, 'आजूबाजू, आसपास, ऐसपैस, अदलाबदल, अवतीभवती, इडापिडा' हे शब्द पाहा. पहिला स्वराने सुरू, दुसरा प, ब नाहीतर भ ने. म्हणजे दुसऱ्या ठोक्याला ओठ मिटणारच. हा नियम कोणत्या मास्तरांनी शिकवला?

निवृत्त मास्तर
'आरडाओरडा', 'उलटसुलट' कुठे बसवता?

निफाडचा
ते मास्तरांसाठी राखून ठेवलेत.

ढोलवाला_पंचवटी
😂 आमच्याकडे त्याला खाली जागा म्हणतात, तालातली रिकामी सोडलेली.

निवृत्त मास्तर
असो. बाई, गुण दोन कापले म्हणालात ना?

गोदाकाठची
हो, दोन.

निवृत्त मास्तर
मी एक कापला असता.