ऑस्टिनचं बार्टन स्प्रिंग्ज: बाबांना झेपेल का?

कृष्णाकाठची

आम्ही जानेवारीत ऑस्टिनला आलो. पुढच्या महिन्यात सांगलीहून बाबा येतायत, तीन महिन्यांसाठी. वय ६७. तरुणपणी महापुरात आयर्विन पुलावरून उड्या टाकणाऱ्यांतले, आणि अजूनही सकाळी तासभर पोहल्याशिवाय चहा घेत नाहीत. आमच्या कॉम्प्लेक्समधला पोहायचा तलाव म्हणजे मोठं घंगाळ. चार हात मारले की भिंत, वर क्लोरिनने डोळे लालभडक. शेजारीण म्हणाली, बार्टन स्प्रिंग्जला ने. फोटोत तर मला सरळ ओढाच दिसतोय! पाणी कितपत गार असतं? खोल किती? कपडे बदलायची सोय? आणि हे क्लबचं आहे की सरकारी?

विहिरीतली बेडकी

अगं, ओढाच आहे तो. बार्टन क्रीकच्या पात्रात वर-खाली बांध घातलेत आणि मधे तीन एकरांचा डोह. महापालिकेचा आहे, कुणीही जावं. मी १९ वर्षं जातेय. कराडजवळच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून शिकलेली बाई मी, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे असं धरूनच वाच.

पाणी बारा महिने २०-२१ अंश. ऑगस्टात बाहेर ४० असताना पहिल्या पायरीवर पाय ठेवलास की घोट्याच्या हाडात कळ जाते. पायरी-पायरीने उतरणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत. कमरेपर्यंत आले की हात वर धरून उभे, जणू कुणी बंदूक रोखलीय. त्यापेक्षा उडी बरी. डिसेंबरात पहाटे गेलीस तर उलटं, पाण्यावरून वाफा निघत असतात आणि आत शिरलं की ऊब वाटते.

खोली कुठे गुडघाभर, कुठे १८ फूट. तळाला खडक, गोटे आणि शेवाळ. बाबांना सांग, तळावर चालायला जाऊ नका, सटकायला होतं. क्लोरिन नाही, कारण पाणी झऱ्यांतून सतत येतं आणि बांधावरून पुढे जातं. कपडे बदलायची इमारत १९४७ ची आहे, दगडी, आतल्या जागेला वर छप्परच नाही. शॉवर घेताना डोक्यावर आभाळ. काठावर गवताचा उतार आणि पेकनची झाडं. खाण्याचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा थालीपिठं गाडीतच ठेव. पहाटे पाचपासून सुरू असतं, पण अगदी सकाळी जीवरक्षक नसतो, स्वतःच्या जबाबदारीवर उतरायचं. गावातल्यांना तिकीट कमी, बाहेरच्यांना जास्त. दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, निघण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर बघ.

गुरुवारी मात्र दिवसाचा बराच वेळ बंद! त्या दिवशी साफसफाई, तीही जपून, कारण या झऱ्यांत एक सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर, राहतो. अडीच इंचाचा, मानेपाशी कल्ल्यांचे तांबडे तुरे, जन्मभर पाण्यात. १९९७ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. त्याच्यापायी आपली सुट्टी हुकली की मी चिडते, पण तोंडातल्या तोंडात.

जमीन अँड्र्यू झिल्कर नावाच्या बर्फाच्या कारखानदाराकडून शंभरेक वर्षांपूर्वी गावाला मिळाली. ते असो. मी पाहुण्यांना आवर्जून सांगते ती १९६० ची गोष्ट. तेव्हा कृष्णवर्णीयांना इथे उतरायची बंदी होती. शाळेच्या शेवटच्या वर्षाची सहल इथे ठरली, आणि जोन मीन्स या मुलीला नि तिच्या कृष्णवर्णीय सोबत्यांना कळलं की आपल्याला पाण्यात जाता येणार नाही. त्या उन्हाळ्यात ती आणि तिचे सोबती सरळ पाण्यात उतरत राहिले. पुढे दोन-तीन वर्षांत बंदी गेली. आपल्याला चवदार तळं आठवणारच. महाडचा सत्याग्रह याच्या ३३ वर्षं आधीचा. तिथे पाणी प्यायला, इथे पोहायला. काठावर उभं राहून हाकलणारे तेच.

चुनखडी

+१. एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. हे पाणी ओढ्याचं कमी आणि भूगर्भातलं जास्त. गावाच्या नैर्ऋत्येला पडणारा पाऊस ओढ्यांच्या पात्रांतल्या भेगांतून चुनखडीत मुरतो आणि इथे वर येतो. म्हणून तापमान हलत नाही, आणि म्हणूनच तिकडे वर काही सांडलं तर ते इथे येतं. १९९० मध्ये वरच्या अंगाला ४,००० एकरांची वसाहत व्हायची होती. सुनावणीला ८०० वर लोकांनी बोलायला नावं दिली, रात्रभर चाललं, आणि पहाटे शहराच्या परिषदेने एकमताने नाही म्हटलं. १९९२ मध्ये मतदानाने पाणलोटातल्या बांधकामावर मर्यादा आणणारा नियम आला.

व्यवहाराचं बोलायचं तर शनिवार-रविवारी पार्किंगमध्ये जीव जातो. अझी मॉर्टन रोडकडच्या दक्षिण फाटकाने जा. मोठ्या पावसानंतर ओढा बांधावरून आत शिरतो, तेव्हा बंद असतं.

विहिरीतली बेडकी

दक्षिणेच्या उतारावर न्यायचं तर बाबांना आधी कल्पना दे बाई. काही बायका वरचं काही न घालता ऊन खात पडलेल्या असतात, इथे कायद्याने चालतं. माझे सासरे पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तास पाठ फिरवून झाडाकडे बघत बसले होते. नंतर विचारलं तर म्हणे, झाड छान आहे.

कृष्णाकाठची

बाबा येऊन दोन आठवडे झाले. पहिल्या दिवशी ते काठावर उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, आणि म्हणाले, "ह्याला पाण्याचा वास आहे." मग फळीवरून सूर. वर आले तेव्हा श्वास अडकलेला आणि चेहऱ्यावर हसू. माझं मात्र अजून गुडघ्यापर्यंतच! झाडांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. आता अडचण एकच, गुरुवारी सकाळी सहापासून घरात येरझाऱ्या घालतात. काय करू?

विहिरीतली बेडकी

डीप एडी तलावाला ने. तोही महापालिकेचाच, १९१५ पासूनचा, टेक्सासमधला सगळ्यात जुना. विहिरीच्या पाण्याने भरतात! येत्या गुरुवारी मीही येते, चहाचा थर्मास आणते.