वाळूतलं मायक्रोप्लॅस्टिक मोजतेय, पण इतके निळे धागे कुठून येतायत?

शिंपली२३
नमस्कार, मी एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेझर्टेशनसाठी दापोली तालुक्यातल्या दोन किनाऱ्यांवरच्या वाळूत मायक्रोप्लॅस्टिक, म्हणजे ५ मिमीपेक्षा लहान तुकडे, किती आहेत ते बघतेय. ओहोटीला जाऊन भरतीच्या रेषेवर ५० बाय ५० सेंमीची चौकट टाकली, वरची ५ सेंमी वाळू स्टीलच्या खुरप्याने काढली, आईच्या स्टीलच्या डब्यांत भरून आणली. मग ओव्हनमध्ये सुकवून २०० ग्रॅम वजन करून मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळली (प्लॅस्टिक वर तरंगावं म्हणून), रात्रभर ठेवली, वरचं पाणी फिल्टर केलं, फिल्टर पेपर मायक्रोस्कोपखाली बघितला.

सरासरी ३८ कण येतायत, म्हणजे किलोमागे १९०. पण त्यातले बहुतेक धागे आहेत आणि निम्म्याहून जास्त निळे. तुकडे अगदी कमी. दोन्ही किनारे एकमेकांपासून लांब आहेत, एका ठिकाणी पर्यटक भरपूर, दुसऱ्या ठिकाणी फारसं कुणी नाही, तरी आकडा जवळजवळ सारखाच. सर म्हणतात चांगलं आहे लिहून टाक, पण मला रात्री झोप लागत नाहीये कारण गरम सुई लावली की (प्लॅस्टिक असेल तर वितळायला हवं) निळ्या धाग्यांतले बरेचसे वितळतच नाहीत, नुसते जळतात. मी काय मोजतेय नक्की?

लॅबमधली_ताई
अगं पहिली गोष्ट, ब्लँक चालवलास का? तुझ्या पोस्टमध्ये तो शब्द कुठेच नाही म्हणून विचारतेय. वाळू न घालता, तेच मीठ, तेच पाणी, तीच भांडी, तेवढाच वेळ, तोच फिल्टर, सगळं तसंच करायचं आणि मोजायचं. प्रत्येक बॅचबरोबर निदान ३ तरी.

जळणारा निळा धागा बहुतेक वेळा सुती असतो, जीन्सचा. डेनिम म्हणजे रंगवलेला कापूस, तो वितळणार कुठून. लॅबमध्ये जीन्स घालून कोण कोण वावरतं बघ एकदा. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी खाडीच्या गाळाचे नमुने बघत होते तेव्हा लालसर गुलाबी धागे सापडायला लागले, मी खुश, म्हटलं डाइंग युनिटचा पुरावा मिळाला. तीन आठवडे त्यावर घालवले. मग एक दिवस ओला फिल्टर पेपर पेट्री डिशमध्ये टेबलावर उघडा ठेवून दिला, संध्याकाळी बघितला तर त्यावरही तेच धागे. माझी पॉलिस्टरची ओढणी होती ती. आणि डोक्यावर पंखा चालू. त्या तीन आठवड्यांचा डेटा टाकून द्यावा लागला, आजही वाईट वाटतं.

आता सांग, मीठ कुठलं वापरलंस?

शिंपली२३
ब्लँक नाही चालवला ताई. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मीठ दुकानातलं जाडं मीठ, कारण एआर ग्रेडचं, म्हणजे लॅबसाठीचं शुद्ध मीठ, लिटरला ३५०-३६० ग्रॅम टाकायचं म्हटलं तर डिपार्टमेंटला परवडत नाही.

लॅबमधली_ताई
मग झालंच. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या अभ्यासात भारतातल्या समुद्री मिठातच मायक्रोप्लॅस्टिक सापडलं होतं, त्यात धागे पण होते. समुद्राच्या पाण्यापासून उघड्यावर बनतं ते, त्यात येणारच. तू जो आकडा वाळूच्या नावावर लिहितेयस त्यातला काही हिस्सा मिठागराचा आहे. दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच आकडा येतोय त्याचं कारण हेच असू शकतं, कारण मीठ आणि लॅब दोन्हीकडे एकच.

मीठ बदलू नकोस, जाडंच चालेल, पण द्रावण करून झालं की ग्लास फायबर फिल्टरमधून गाळून घे. डिस्टिल्ड वॉटरसुद्धा गाळून. सुती एप्रन, पंखा बंद, भांड्यावर नेहमी फॉइल. आणि जुन्या डेटातून ब्लँक नुसता वजा करून मोकळी होऊ नकोस, ब्लँकचे आकडे वेगळे दे म्हणजे वाचणाऱ्याला कळेल.

झिंकवाला
वरचं सगळं बरोबर, मी फक्त घनतेबद्दल बोलतो कारण यात सगळे अडकतात. साध्या पाण्याची घनता १ धरली तर मिठाचं संपृक्त पाणी १.२ पर्यंतच जातं. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, थर्माकोल, अगदी नायलॉनची जाळी (१.१४) पण तरंगेल. पण पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक, पॉलिस्टरही त्याचंच) १.३८ आहे, पीव्हीसी साधारण तेवढंच, ते वाळूबरोबर खाली बसणार. म्हणजे पॉलिस्टरचे कपड्यांचे धागे, जे किनाऱ्यावर भरपूर असू शकतात, तेच तुमच्या पद्धतीत नीट येत नाहीत.

घरी करून बघण्यासारखं आहे. पाण्याची एक बाटली घ्या, तिचं झाकण किसणीवर किसून २० तुकडे करा, बाटलीच्या अंगाचे कात्रीने २० तुकडे करा, दोन्ही मिठाच्या पाण्यात टाका. झाकण वर, बाटली खाली. एकाच बाटलीची दोन टोकं. मग हेच मोजलेले तुकडे धुतलेल्या वाळूत मिसळून तुमच्या पद्धतीने परत काढा, २० पैकी किती हाताला लागतात ती तुमची रिकव्हरी, आणि ती लिहिल्याशिवाय किलोमागे १९० ला काही अर्थ नाही.

मिठाऐवजी झिंक क्लोराईड घेतलंत तर घनता १.५ च्या वर सहज जाता येतं. पण विषारी आणि गंजवणारं आहे, हातमोजे गॉगल हवेतच, सिंकमध्ये ओतायचं नाही, गाळून परत वापरायचं. आणि कोकणातल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा खूप असतो, झिंक क्लोराईडचं द्रावण आम्लयुक्त असल्याने फसफसून बुडबुडे येतात आणि बुडबुड्यांबरोबर वाळूचे बारीक कण पण वर येतात, तेव्हा घाई न करता सावकाश ओता. बजेट नसेल तर मिठावरच थांबा, फक्त मथळ्यातच लिहा की १.२ पेक्षा हलकं प्लॅस्टिक.

हर्णैकर
मी काय शास्त्रज्ञ नाय, पण किनाऱ्यावरच वाढलो म्हणून सांगतो, नमुने कधी घेतलेत? मे महिन्यात असतील तर डांबरगोळे बघा. पावसाच्या तोंडावर वारा फिरला की काळे गोळे किनाऱ्यावर येतात, पायाला लागले की रॉकेल लावल्याशिवाय जात नाहीत, आणि त्यांचे बारीक तुकडे वाळूत मिसळतात. ते काळे तुकडे तुम्ही प्लॅस्टिक समजून मोजताय का? दुसरं म्हणजे बंदराजवळ जाळी शिवतात, दोर कापतात, हिरवे निळे तुकडे तिथे नेहमीच. ते खरं प्लॅस्टिक आहे.

लॅबमधली_ताई
हर्णैकर दादा, हे फार महत्त्वाचं बोललात. डांबर गरम सुईने मऊ होतं, म्हणजे टेस्ट फसते. शिंपली, काळे मऊ कण आधी वेगळे काढ, थोड्या हेक्झेनमध्ये विरघळून रंग सुटला तर डांबर. पॉलिथिन गार हेक्झेनमध्ये विरघळत नाही.

नाईल रेड (प्लॅस्टिकला लागून चमकणारा रंग) वापरायचा कुणी सल्ला दिला तर आधी ३०% हायड्रोजन पेरॉक्साईडने सेंद्रिय भाग काढल्याशिवाय वापरू नकोस, खेकड्याच्या कवचाचे तुकडे पण मस्त चमकतात. शेवटी एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने कण कशाचा आहे ते ओळखायची चाचणी) लागेलच. सगळे कण नाही जमले तरी प्रत्येक रंग-आकाराच्या गटातले थोडे थोडे पाठव. सुट्ट्या मोठ्या तुकड्यांना त्यातलाच एटीआर प्रकार चालतो, बारीक धाग्यांना सूक्ष्मदर्शकाखालचा मायक्रो एफटीआयआर नाहीतर रामन (लेझरने ओळखायची चाचणी).

शिंपली२३
अपडेट देतेय. जुन्या मिठाने ३ ब्लँक चालवले, २१, २४ आणि १९ आले. म्हणजे ३८ मधले निम्म्याहून जास्त माझेच होते. ते आकडे वहीत लिहिताना हात थरथरत होता खरं सांगते. मग द्रावण गाळलं, पंखा बंद, सुती एप्रन, नवीन ब्लँक ४, ३, ५. झाकणाचे २० पैकी १८ मिळाले, बाटलीचे २० पैकी १.

सरांना सगळं दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले सगळे नमुने परत करूया. डब्यात प्रत्येक ठिकाणची अर्धा किलोहून जास्त वाळू अजून शिल्लक आहे, आई डबे परत मागतेय पण तिला एक महिना थांब म्हटलंय. हर्णैकर दादा, नमुने २० मे चे आहेत. काळे कण वेगळ्या पेट्री डिशमध्ये काढायला आज सुरुवात केली, एका नमुन्यात ७ निघाले, त्यातल्या ६ मधून हेक्झेनमध्ये तपकिरी रंग सुटला. सातवा तसाच राहिलाय, त्याला एका बाजूला कापल्यासारखी सरळ कड आहे. तो पहिला एफटीआयआरला जाणार.