ट्रॅप थांबायचं नावच घेत नाही

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल डाइंगला आहे. ड्रायरचा थर्मोडायनॅमिक ट्रॅप (वाफ अडवून साचलेलं पाणी तेवढं बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) सारखा तडतडतोय. गेला का ओ?

उत्तर: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपला, मूठ कानाला लावा. टक्... गप्प... टक्, म्हणजे ठणठणीत. सलग तडतड असेल तर आतली उघडझाप करणारी डिस्क झिजली, वाफ फुकट चाललीय. थंडगार लागला तर गाळणी चोंदलेली असते बहुतेक.
पण खोलायच्या आधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, मधलं प्रेशर सोडा, मगच पाना लावा. 7 बार प्रेशरला वाफ 170 अंश असते. माझ्या मनगटावरचा डाग तसल्याच घाईचा.

प्रश्नकर्ता: खोलला. डिस्कवर नखाला लागेल एवढा चर! नवीन मागवलीय.