नाशिकमधला सगळ्यात भारी बर्गर शोधायचाय, पण मोजायचा कसा?

इंदिरानगरकर

मंडळी, आमच्या ऑफिसातल्या चौघांनी ठरवलंय की यंदा नाशिकमधला सगळ्यात चांगला बर्गर कुठला ते नीट शोधून काढायचं. मिसळीचं आता शोधण्यासारखं फार काही राहिलेलं नाही, साधना घ्या, ग्रेप एम्बसी घ्या, अंबिका, भगवंतराव घ्या, प्रत्येकाचं ठरलेलं आहे आणि त्यावर रात्रभर भांडायला पण लोक तयार असतात. बर्गरवर मात्र कोणी धड बोलतच नाही, कोणाला विचारलं की रील पाठवतात, त्यात चीज ओढून दाखवलेलं असतं आणि चवीबद्दल अवाक्षर नसतं.

अडचण अशी की कॉलेज रोडला गाडीवर 60-70 रुपयांत मिळणारा आलू टिक्कीवाला, गंगापूर रोडच्या कॅफेतला 300 च्या पुढचा चिकन स्मॅश (तव्यावर दाबून चपटा केलेला) आणि मॉलमधल्या चेनवाल्यांचा, हे तिन्ही एका तराजूत घालायचे कसे? दुकानांची नावं प्लीज टाकू नका, ती यादी आमच्याकडे भरपूर आहे आणि एक नाव आलं की लगेच मालकाचे मित्र धावून येतात. मला हे सांगा की बघायचं काय, मागवायचं काय आणि जायचं कधी. आमच्यात दोघं व्हेज आहेत, त्यातला एक अंडंही खात नाही.

तवा_उलथणं

भाऊ प्रश्न एकदम बरोबर विचारलाय. मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत, आता स्वतःचं केटरिंग आहे, बर्गरचं दुकान नाही त्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

एका तराजूत घालूच नका. तीन गट करा, व्हेज टिक्की, क्रम्ब म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेला चिकन आणि तव्यावर दाबलेला खिम्याचा. या तिघांची कामंच वेगळी आहेत, तळलेल्यात कुरकुरीतपणा बघायचा असतो आणि तव्यावरच्यात भाजल्याची चव. प्रत्येक गटाचा पहिला नंबर काढा, मग शेवटी हवं तर तिघांना समोरासमोर आणा.

आणि जिथे जाल तिथे मेन्यूतला सगळ्यात साधा बर्गर मागवा. डबल चीज, पेरीपेरी, तंदुरी मेयो, वरून नाचोज, हे सगळं घातल्यावर आत काय आहे ते कळतच नाही, आणि बऱ्याच ठिकाणी ते तेवढ्यासाठीच घातलेलं असतं. साध्या बर्गरला लपायला जागा नसते. सगळीकडे तोच प्रकार मागवा, सॉस बाजूला द्यायला सांगा, आधी पॅटीचा एक तुकडा नुसता खा.

आता पॅटी. तव्यावरचा चिकन बर्गर नुसत्या ब्रेस्टचा केला की कोरडा होणारच, ब्रेस्टमध्ये चरबी जेमतेम असते. मांडीचं बोनलेस निम्मं तरी पाहिजे. विचारा बिनधास्त, दादा खिमा कशाचा वापरता, ज्याला माहितीय तो लगेच सांगतो. दुसरं म्हणजे रंग. मांसाचा तो खमंग तपकिरी थर यायला पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो, आणि जोवर वर पाणी आहे तोवर तो 100 च्या पुढे सरकत नाही. म्हणून तवा आधी कडक तापलेला हवा आणि त्याच्यावर गर्दी नको. एकदम दहा पॅटी टाकल्या की तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि त्या भाजल्या न जाता उकडतात, फिक्या राखाडी दिसतात. स्मॅश म्हणून विकतात त्यातले कित्येक असेच असतात. गोळा टाकल्या टाकल्या पहिल्या काही सेकंदांत जोर लावून दाबायचा, नंतर दाबला तर आतला रस बाहेर येतो. ओपन किचन असेल तर एवढं एकच बघा, कधी दाबतोय.

मिठाचं पण आहे. खिम्यात मीठ घालून मळून ठेवला की प्रथिनं सुटतात, मिश्रण चिकट होतं आणि पॅटी सॉसेजसारखी लवचिक लागते. हॅम्बर्गर स्टाईल पाहिजे असेल तर मीठ तव्यावर टाकताना वरून. चावताना पॅटी सुटी सुटी व्हायला हवी, रबरासारखी ताणली जायला नको.

आणि हो, चिकनचा बर्गर पूर्ण शिजलेलाच हवा, आत 74 अंश. मध्ये गुलाबी आणि लिबलिबीत दिसला तर परत करा, लाजू नका.

पहाटेची_भट्टी

सगळे पॅटीवर बोलतात, बनाचं कोणीच बघत नाही. आमची बेकरी आहे, दोन पिढ्यांची, म्हणून मी बनावर मार्क निम्मे ठेवीन, कोणी काही म्हणो.

बर्गर हातात घेतला आणि खालचा बन तिसऱ्या घासाला फाटला तर पॅटी कितीही भारी असू द्या, तो बर्गर नापास. बन आतल्या बाजूने बटरवर शेकलेला पाहिजे, नुसता गरम केलेला नाही, शेकल्यावर जो कडक थर येतो त्यामुळे सॉस आणि रस लगेच आत मुरत नाही. वरचा बन बोटाने दाबा, सोडल्यावर परत वर यायला हवा.

एक गोष्ट खूप दुकानदारांना सांगून पण पटत नाही, बन फ्रिजमध्ये ठेवू नका. ब्रेड फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, त्या तापमानाला त्यातला स्टार्च पटकन कडक होतो. उरलेच तर सरळ डीप फ्रीझरला टाका, ते चालतं. फ्रिजमधला बन ओळखायला सोपा असतो, कडा भुरभुरतात आणि घास घशाला बसतो. मग ते झाकायला मेयो जास्त मारतात. तुम्ही दुकानात विचारा बन कुठून येतो आणि किती वाजता येतो. रोजच्या रोज घेणारा माणूस बेकरीचं नाव अभिमानाने सांगतो.

अंडं न खाणाऱ्या मित्रासाठी, बनावर चकाकी यायला काही ठिकाणी अंडं लावतात, ब्रिओश म्हणून विकतात त्यात तर पिठातच अंडं असतं. मेयो पण विचारा. बाजारात एगलेस मेयो भरपूर आहे, बाटलीवर हिरवा ठिपका असतो, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका, बाटलीच दाखवा म्हणायचं. आणि एकाच तेलात चिकन आणि टिक्की तळतात का ते पण, गाडीवर कढई बहुतेक एकच असते.

निफाडचा_कांदा

बनावर निम्मे मार्क असतील तर कांद्यावर थोडे आम्हाला पण द्या. आपण राहतो कांद्याच्या जिल्ह्यात, लासलगावचा बाजार इथे, आणि कॅफेवाले बर्गरमध्ये कच्च्या कांद्याची एक जाड चकती टाकतात जी पहिल्या घासालाच अख्खी बाहेर निघते. राग येतो राव.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात एल रिनो म्हणून गाव आहे, तिथे 1920 च्या दशकापासून कांद्याचा बर्गर करतात. मांस महाग, कांदा स्वस्त, म्हणून कागदासारखा पातळ चिरलेला ढीगभर कांदा मांसाच्या गोळ्यावर ठेवून तव्यावर दाबून टाकायचे, कांदा मांसाच्या चरबीत लाल होतो आणि पॅटीलाच चिकटून बसतो. हे नाशिकमध्ये जेवढं चांगलं होऊ शकतं तेवढं कुठेच नाही होणार. फक्त कांदा उन्हाळ घ्या, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा, साठवणीचा. लाल कांद्यात पाणी जास्त, तो तव्यावर आधी शिजतो, मग कधीतरी रंग धरतो. चाळीतला उन्हाळ कांदा घट्ट असतो, पटकन लाल होतो आणि गोडी सोडतो. माझी मोजणीत एक रांग वाढवायची विनंती आहे, कांदा कसा चिरलाय आणि भाजलाय का नुसताच टाकलाय. कोणी असा बर्गर करत असेल तर नियम मोडून मला मेसेजमध्ये नाव कळवा.

टोमॅटोचं पण तेच, गिरणारे पिंपळगाव इतकं जवळ असताना फ्रिजमधली गारढोण चकती कशाला, गरम पॅटीवर ती ठेवली की सगळं थंड होतं.

कॉलेजरोड_कायम

वरच्या सगळ्या दादांचं ज्ञान मान्य, पण तुम्ही सगळे चिकनवरच चाललाय. आलू टिक्कीला खालचा गट समजू नका प्लीज. मॅकडोनाल्ड्स भारतात 1996 ला आलं तेच मुळी गोमांस आणि डुकराचं मांस न ठेवता, महाराजा मॅक सुरुवातीला मटणाचा होता, नंतर चिकनचा झाला. पण लोकांच्या जिभेवर राहिला तो आलू टिक्कीच. कॉलेजातल्या पोरांचा पहिला बर्गर आजही तोच असतो, हातात पैसे तेवढेच असतात.

आणि बटाट्याची टिक्की चांगली करणं अवघड आहे. माझी आई घरी करते, ती म्हणते बटाटा आदल्या दिवशी उकडून गार झालेला हवा, गरम गरम कुस्करला की चिकट होतो. चिकट झाला की लोक कॉर्नफ्लोअर वाढवतात आणि टिक्की पिठूळ लागते. मध्ये वाटाण्याचे दाणे अख्खे दिसले पाहिजेत, आलं-मिरची जाणवली पाहिजे. गाडीवरच्या बऱ्याच बर्गरमध्ये वड्याची भाजीच चपटी करून, क्रम्ब लावून तळलेली असते, हळद मोहरी सकट, आणि मला विचाराल तर नाशिकचा खरा बर्गर तोच आहे. सोबत लसणाची कोरडी चटणी मारतात त्याला मी चेनवाल्यांच्या कुठल्याही बर्गरपेक्षा वर ठेवीन. कोबी मात्र बारीक चिरलेला आणि कोरडा पाहिजे, धुवून तसाच ओला घातला की मेयो पातळ होऊन कोपरापर्यंत येतं.

सातपूर_सेकंडशिफ्ट

पार्सलवर निकाल लावू नका एवढंच सांगतो. आम्ही रात्री शिफ्ट सुटल्यावर बऱ्याचदा ऑर्डर करतो, बंद डब्यात वाफ कोंडते, अर्ध्या तासात बन ओला आणि क्रम्ब मऊ. एका ठिकाणाहून मागवलेला बर्गर एकदम बेकार निघाला आणि तोच तिथे उभं राहून खाल्ला तर झकास होता. तिथेच खा, हातात आल्यावर लगेच खा, फोटो नंतर. पार्सलच घ्यावं लागलं तर डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवायला सांगा आणि सॉस वेगळा घ्या.

इंदिरानगरकर

बाप रे, एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. तीन गट पक्के, साधा बर्गर मागवायचा पक्कं, तिथेच खायचं पक्कं. कांद्याची रांग पण घेतली. तवा_उलथणं दादा, मटणाच्या बर्गरचं काय? दोन ठिकाणी मेन्यूत आहे आणि किंमत चांगलीच आहे. आणि चेनवाल्यांना यात घ्यायचं का नाही यावर आमच्यात दोन तट पडलेत.

तवा_उलथणं

मटणाचा चांगला मिळाला तर सोनं आहे, पण मिळणं कठीण. बाहेरच्या रेसिप्या सगळ्या बीफवर बेतलेल्या, साधारण 20 टक्के चरबीच्या खिम्यावर. आपल्या राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे त्या रेसिप्या इथे जशाच्या तशा लागूच पडत नाहीत, आणि बोकडाचं मांस मुळात कमी चरबीचं. म्हणून खाटकाला सांगून खिम्यात गुर्द्याची चरबी टाकून घ्यावी लागते आणि खिमा जाडसर काढावा लागतो. बरेच जण तसं न करता गरम मसाला, पुदिना, अंडं, ब्रेडचा चुरा घालून मळतात, मग तो शामी कबाब होतो बनात घातलेला. चवीला छान असतो, मी आवडीने खातो, पण त्याला कबाबाच्या गटात मार्क द्या. मटणाची चरबी गार झाली की लगेच टाळूला चिकटते, त्यामुळे हा सगळ्यात पटकन खायचा.

चेनवाले घ्याच, पण स्पर्धेत नको, मोजपट्टी म्हणून. त्यांची पॅटी फ्रोझन येते, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या तेलात जाते, म्हणून आज उद्या परवा चव तीच. पहिल्या दिवशी चौघांनी तो खा आणि त्याला 10 पैकी 5 धरा. मग कॅफेवाला 300 रुपये घेऊन त्याच्या वर जातो का खाली ते आपोआप कळेल. ज्याची पॅटी चेनपेक्षाही जास्त एकसारखी गोल दिसते त्याच्याकडे पण फ्रोझनच असणार, त्यात पाप नाही, पण मग हाताने बनवलेल्याचे पैसे मागू नयेत.

पंचवटीतली_मावशी

मुलांनो, कधी जायचं हे कोणी सांगितलंच नाही. आपल्याकडे मंगळवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, कितीतरी लोक मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी चिकनचा खप कमी, म्हणजे आदल्या दिवशीचा खिमा पडून राहायची शक्यता जास्त. नॉनव्हेज बर्गर बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी खा, माल फिरता असतो. रविवारी रात्री मात्र नको, गर्दीत तवा थंड पडतो असं वर दादांनी लिहिलंच आहे, संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, तेल पण त्या वेळेला बरं असतं. आणि श्रावणात फक्त व्हेजचा गट उरकून घ्या, त्या महिन्यात टिक्कीला मागणी असते आणि करणारे जीव ओतून करतात.

इंदिरानगरकर

मावशी हे तर आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! मग ठरलं, येत्या बुधवारी संध्याकाळी सहाला सिटी सेंटर मॉलपासून सुरुवात, चेनवाला खाऊन मोजपट्टी ठरवतो आणि तिथून कॉलेज रोडला टिक्कीवाल्याकडे. गुण इथेच टाकत जाईन. बन दाबून बघायला पहाटेची_भट्टी येणार असाल तर गाडीत एक जागा आहे.

पहाटेची_भट्टी

बुधवारी सहाला दुसरा घाणा निघतो, साडेसातच्या पुढे सुटतो मी. टिक्कीवाल्याकडे थेट येतो, तोवर थांबा.