कच्चं तेल उतरलं की नेमकं कोणाचं भलं होतं?

जगबुडीकाठ (धागाकर्ता)

एप्रिल 2025 मध्ये ब्रेंट तेल (ज्याच्या भावावरून जगातला कच्च्या तेलाचा भाव मोजतात ते) पिंपामागे 60 डॉलरच्या आसपास उतरलं. त्याच आठवड्यात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे 2 रुपयांनी वाढवलं आणि घरगुती सिलिंडर 50 रुपयांनी महाग झाला. पंपावरचा भाव होता तिथेच राहिला. तरीही आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "तेल पडलं, आता स्वस्ताई येणार" म्हणून आनंद चाललाय. मला तो आनंद होत नाही, आणि का होत नाही ते सांगायला हा धागा काढलाय.

मी रत्नागिरीतल्या खेड तालुक्यातला. आमच्याकडे पूर्वी घराघरातला एक माणूस मुंबईत असायचा, नंतर तो आखातात जाऊ लागला. माझा थोरला भाऊ सौदीत शटरिंगचा सुतार होता. जून 2014 मध्ये ब्रेंट 115 डॉलरला होतं, जानेवारी 2016 मध्ये ते 30 च्या खाली गेलं. इकडे वर्तमानपत्रं भारताची चांदी झाली म्हणून लिहीत होती. तिकडे भावाचा पगार आधी दोन महिने लांबला, मग चार. कंपनी म्हणायची, सरकारकडून कामाची बिलं निघत नाहीत. ते खोटंही नव्हतं. 2015 साली सौदी सरकारची तूट 367 अब्ज रियाल होती, म्हणजे त्यांच्या जीडीपीच्या जवळपास 15 टक्के. मोठे प्रकल्प थांबले, ठेकेदार थांबले, आणि सगळ्यात शेवटी मजुराचं ताट थांबलं.

ऑगस्ट 2016 मध्ये जेद्दाहला हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले होते आणि परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह तिथे गेले होते, हे अनेकांना आठवत असेल. भाऊ त्या अडकलेल्यांच्या शिबिरात नव्हता, पण त्याची गत वेगळी नव्हती. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, संपलेला, कंपनी नवा करून देईना, खोलीबाहेर पडला तर पकडलं जायची भीती. सात महिन्यांच्या पगारावर पाणी सोडून तो एक्झिटवर, म्हणजे देश कायमचा सोडायच्या परवान्यावर, परतला. तेव्हा आमचं जांभ्या चिऱ्याचं नवं घर लिंटलपर्यंत आलं होतं. ते तिथेच थांबलं. दोन पावसाळ्यांत भिंतींवर शेवाळ चढलं आणि वर उभ्या सोडलेल्या सळया तांबूस झाल्या.

माझं म्हणणं एवढंच, की तेल पडल्यावर होणारा फायदा सरकारी तिजोरीत थांबतो आणि तोटा थेट आमच्या ओटीवर येऊन बसतो.

ताळेबंद

तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही.

2013 चा ऑगस्ट आठवा. डॉलर 68 रुपयांच्या वर गेला होता, सोन्यावरची आयात जकात 10 टक्के करावी लागली होती. आदल्या वर्षी, 2012-13 मध्ये, चालू खात्यावरची तूट, म्हणजे परदेशातून येणाऱ्या पैशापेक्षा बाहेर जाणारा जास्तीचा पैसा, जीडीपीच्या 4.8 टक्के होती. आपण लागेल त्यातलं पाऊणहून अधिक तेल बाहेरून आणत होतो, आज तर 85 टक्क्यांच्या वर आणतो. 2013-14 मध्ये कच्च्या तेलाच्या आयातीचं बिल सुमारे 143 अब्ज डॉलर होतं. 2015-16 मध्ये ते 64 अब्जांवर आलं. चालू खात्यावरची तूट 1.1 टक्क्यावर आली.

आता दुसरी बाजू. जागतिक बँकेच्या आकड्यांप्रमाणे परदेशातून भारतात घरी येणारा पैसा 2015 मध्ये सुमारे 69 अब्ज डॉलर होता, 2016 मध्ये 63 अब्ज झाला. म्हणजे 6 अब्जांची घट, आणि समोर तेलावर वाचलेले 79 अब्ज. घटीचं खापर सगळं आखातावर फोडलं तरी पारडं कुठे झुकतं ते स्पष्ट आहे. रुपया सावरला, महागाई दोन आकड्यांतून 5 टक्क्यांच्या आसपास आली. हे सगळं तिजोरीत थांबलं असं कसं म्हणता? कोकणातल्या माणसानेही डाळ-तांदूळ त्याच बाजारातून घेतला.

दहाचाकी

ताळेबंद साहेब, मी सांगलीचा, दोन गाड्यांचा मालक. एक गाडी मी स्वतः चालवायचो. तुमचे आकडे खोटे म्हणत नाही. माझे ऐका.

नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 मध्ये केंद्राने नऊ वेळा शुल्क वाढवलं. डिझेलवर एकूण 13 रुपये 47 पैसे, पेट्रोलवर 11 रुपये 77 पैसे. सांगली ते भिवंडी जाऊन-येऊन धरा 760 किलोमीटर. भरलेली दहाचाकी लिटरला चार देते. म्हणजे 190 लिटर. एका फेरीला अडीच हजार रुपये फक्त या वाढलेल्या शुल्कात गेले. शिवाय ऑक्टोबर 2015 पासून राज्याने दुष्काळासाठी म्हणून लिटरला 2 रुपये घेतले ते वेगळे. दुष्काळाला द्यायला माझी ना नाही, माझं आजोळ जतचं आहे. पण दुष्काळ सरला तरी तो भार उतरला नाही.

आणि भाड्याचं काय होतं तेही सांगतो. डिझेल दोन रुपयांनी उतरलं की कारखान्याच्या ट्रान्सपोर्ट खात्यातून दुसऱ्या दिवशी फोन येतो, "रेट कमी करा." दोन रुपयांनी चढलं की तोच माणूस म्हणतो, "करार संपू दे, मग बघू." उतरण्यातही आमचंच जातं.

हिरवा_दिवा

इथे कोणी करांची बाजू घेत नाही म्हणून मी घेते.

2014 पर्यंत डिझेल खर्चाच्या खाली विकलं जात होतं. 2013-14 या एका वर्षात डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस मिळून तेल कंपन्यांची अशी कमी वसुली 1 लाख 40 हजार कोटींच्या घरात होती. ती शेवटी आपणच भरत होतो, फक्त पंपावर दिसत नव्हती. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं ते तेल पडत होतं म्हणूनच शक्य झालं. भाव चढत असताना ती हिंमत कोणत्याही सरकारला झाली नसती.

2014-15 च्या आर्थिक पाहणीत या शुल्कवाढीकडे एक प्रकारचा कार्बन कर (प्रदूषण करणाऱ्या इंधनावरचा कर) म्हणून पाहिलं होतं आणि मला ते पटतं. उतरलेला सगळा भाव ग्राहकाला दिला असता तर मोठ्या गाड्या वाढल्या असत्या आणि भाव परत चढले तेव्हा आपण जास्तच अडकलो असतो. तेल चढलं तेव्हा नोव्हेंबर 2021 मध्ये पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपये, मे 2022 मध्ये आणखी 8 आणि 6 रुपये कमी केलेच ना? आधी भरून ठेवलं होतं म्हणून ते सोडता आलं.

दहाचाकी

ताई, मोठ्या गाडीचं पेट्रोल आणि मालाच्या गाडीचं डिझेल एका मापाने मोजू नका. मी हौस म्हणून भिवंडीला जात नाही. कांदा, साखर, औषधं, सिमेंट, सगळं डिझेलवर हलतं.

आणि "भरून ठेवलं" म्हणता तर मे 2020 चं बघा. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या, हप्ते चालू, आणि एका रात्रीत पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये. तेव्हा पेट्रोलवर केंद्राचे 32 रुपये 98 पैसे झाले. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क, ज्यातून राज्यांना वाटा मिळतो, ते 3 रुपयांपेक्षाही कमी. बाकी सगळं अधिभार आणि उपकर, त्यात राज्यांना वाटा नाही. म्हणून राज्य पुन्हा स्वतःचा कर लावतं. दोघांचा भार एकाच टाकीवर.

हिरवा_दिवा

राज्यांच्या वाट्याचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तिथे मी वाद घालणार नाही. मालवाहतुकीच्या डिझेलला वेगळा दर असावा हेही विचार करण्यासारखं आहे. पण मग भेसळ आणि काळाबाजार कसा रोखायचा? रॉकेलच्या वेळी काय झालं ते आपण पाहिलंय.

पराटी

यवतमाळहून लिहितो. आमच्याकडच्या माणसाला तेल पडलं की ट्रॅक्टरचं डिझेल आठवते. कापूस कोणी आठवत नाही. पॉलिस्टरचा धागा कच्च्या तेलापासून बनते. तेल स्वस्त झालं की पॉलिस्टर स्वस्त होते, आणि गिरणीवाला मिश्रणात कापसाचा टक्का कमी करते. 2015-16 मध्ये लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला 4,100. 2011 ला जे भाव पाहिले होते त्याच्या पुढे हा काहीच नाही. डिझेलमध्ये एकरी जे वाचलं ते वेचणीच्या मजुरीतच गेलं.

ताळेबंद

पराटी भाऊ, पॉलिस्टरचा दुवा खरा आहे, पण त्या काळातल्या कापसाच्या मंदीला मोठं कारण चीन होतं. चीनने प्रचंड साठा केला होता आणि 2014 मध्ये ती खरेदी थांबवली. जगभरचा भाव तिथेच मोडला. सगळं तेलाच्या नावावर टाकलं तर आपण चुकीच्या दारात उभे राहू.

दहाचाकींचं गणित मात्र मी रात्री पुन्हा करून पाहिलं. ते बरोबर आहे. माझा आग्रह इतकाच, की शुल्कातून आलेला पैसा कुठे गेला हे विचारा, तो आलाच कशाला असं म्हणू नका. सरकारची तूट कमी झाली, ते एक. एप्रिल-मे 2020 मध्ये विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथल्या भूमिगत साठ्यांत पिंपाला सरासरी 19 डॉलर दराने तेल भरून घेतलं, त्यात सुमारे 5 हजार कोटी वाचले. स्वस्ताईचा असा उपयोग मला हवा आहे. दुर्दैवाने तिन्ही मिळून साठवण जेमतेम 53 लाख टनांची आहे. जागा असती तर आणखी भरलं असतं.

दोहाहून

मी पंधरा वर्षं कतारमध्ये आहे, मूळ श्रीवर्धनचा. दोन्ही बाजू वाचल्या आणि एक प्रश्न कोणीच विचारला नाही असं वाटलं. तेल कशामुळे पडलं?

2014 ला पडलं कारण माल जास्त झाला. अमेरिकेत शेल (खडकातून काढलेलं) तेल वाढलं आणि 27 नोव्हेंबरला व्हिएन्नात ओपेकने, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या गटाने, उत्पादन कमी करायचं नाही असं ठरवलं. जगाची चाकं फिरत होती, म्हणून भारतासारख्या घेणाऱ्याला फायदा झाला. 2020 ला पडलं कारण मागणीच मेली. 20 एप्रिलला अमेरिकेतला तेलाचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. त्या स्वस्त तेलाचं कोणी काय करणार होतं? तेव्हा आमच्या इमारतीतून रोज कोणीतरी बॅग भरत होता. भारतात गाड्या उभ्या, इथे माणसं उभी.

2025 चं दोन्ही मिसळून आहे. 2 एप्रिलला अमेरिकेने जकातींची घोषणा केली, जगाचा व्यापार आटेल अशी भीती पसरली, आणि दुसऱ्याच दिवशी ओपेक प्लसने (ओपेक आणि रशियासारखे सोबतचे देश) मे महिन्यापासून रोज 4 लाख 11 हजार पिंपं वाढवायचं ठरवलं. म्हणून ताळेबंद यांनी 2015 चा नफा 2025 ला जसाच्या तसा लावू नये. आपल्या निर्यातीला फटका बसला तर तेलावर वाचलेले डॉलर तिकडे जातील.

जगबुडीकाठ, तुमच्याशीही थोडा मतभेद आहे. 2016 मध्ये माझ्या ओळखीतले जे बुडाले ते बहुतेक बांधकामातले, आणि तेही ज्यांची कंपनी एकाच सरकारी गिऱ्हाइकावर उभी होती. दवाखान्यातल्या, हॉटेलातल्या आमच्या माणसांना तेव्हा धक्का कमी बसला. सगळं आखात एका दोरीवर टांगलेलं नाही.

जगबुडीकाठ (धागाकर्ता)

दोहाहून, हे वाचून मला माझं म्हणणं नीट करावंसं वाटतं. "तेल पडलं की वाईट" असं मी म्हणून गेलो, ते सरसकट खरं नाही. ताळेबंद यांचे 79 अब्जही मी नाकारत नाही. 2013 सारखा रुपया घसरत राहिला असता तर भाऊ परत येऊन ज्या बाजारात उभा राहिला तो आणखी महाग असता.

पण 79 विरुद्ध 6 अशी वजाबाकी करताना ते 6 कुठून गेले हे बघा ना. ते साऱ्या देशावर सारखे वाटून गेले नाहीत. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, केरळातले काही जिल्हे, आंध्र-तेलंगणातले काही तालुके अशा मोजक्या ठिकाणांतून ते उचलले गेले. आमच्या वाडीतल्या बारा घरांपैकी पाच घरांचा महिना तेव्हा बंद झाला. वाण्याची उधारी वाढली, चिरेखाणीवरची मागणी बसली, गवंडी चिपळूणला निघून गेले. देशाची सरासरी वर जात होती आणि आम्ही खाली.

केरळने 1996 मध्येच परदेशातल्या मल्याळींसाठी नोर्का हा वेगळा विभाग काढला. परत आलेल्यांना धंद्यासाठी कर्ज मिळवून देण्याची योजनाही त्यांच्याकडे आहे. भाऊ परतला तेव्हा मी तालुक्याला दोन-तीन कार्यालयांत विचारलं, की आखातातून परतलेल्या माणसाची नोंद कुठे करायची. प्रत्येकाने दुसऱ्याचं टेबल दाखवलं. शुल्कातून जे मिळालं त्यातला अगदी लहानसा भाग अशा तालुक्यांकडे वळवला असता, तर हिरवा_दिवा यांच्या कराला मी हात वर करून पाठिंबा दिला असता.

हिरवा_दिवा

हे मला पूर्ण मान्य. कर घेताना कारण सांगायचं आणि खर्च करताना ते कारण विसरायचं, याला माझाही विरोध आहे.

ताळेबंद

नोंदीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कोण परत आलं हेच माहीत नसेल तर मदत कोणाला पोचवणार? पण शुल्काचा पैसा तालुक्यानुसार बांधून ठेवायला माझा विरोध राहील. उद्या यवतमाळ मागेल, परवा सांगली.

पराटी

मागू द्या ना साहेब. यवतमाळने मागितलं तर काय चुकलं?

दहाचाकी

जगबुडीकाठ, भावाचं पुढे काय झालं ते सांगितलं नाहीत.

जगबुडीकाठ (धागाकर्ता)

दोन वर्षं इथे मिळेल ते सेंट्रिंगचं काम केलं. 2018 मध्ये ओमानला गेला, लहान कंपनी आहे पण पगार तारखेला येतो. सौदीतले सात महिने बुडाले ते बुडालेच. घराचा स्लॅब 2023 च्या मे महिन्यात टाकला. जुन्या सळया गंजून बारीक झाल्या होत्या, त्या कापून नव्या बांधाव्या लागल्या.