मदत हवी आहे: मुळ्याची कोशिंबीर टॉक्सिन पॉझिटिव्ह?

नमस्कार मंडळी. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका छोट्या खाजगी लॅबमध्ये काम करते. टॉक्सिनचं काम अंगावर येऊन जेमतेम चार महिने झालेत, म्हणून विचारते आहे.

एका लग्नात जेवण झाल्यावर दोन-तीन तासांतच पंगतीतल्या बऱ्याच जणांना उलट्या झाल्या. शिल्लक अन्नाचे नमुने आमच्याकडे आले. स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) या जंतूच्या, उलट्या घडवणाऱ्या एन्टेरोटॉक्सिनसाठी एलायझा (अँटिबॉडीने टॉक्सिन पकडून रंगाने दाखवणारी चाचणी) लावला. किट सँडविच पद्धतीचं आहे, म्हणजे टॉक्सिन खालच्या आणि वरच्या अँटिबॉडीच्या मध्ये अडकतं. अँटिबॉडी सशाच्या, वरचीला (कॉन्जुगेट) हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जोडलेलं, आणि त्याने निळं होणारं टीएमबी रंगासाठी. गुलाबजाम निगेटिव्ह. पनीरची भाजी पॉझिटिव्ह. पिशवीचं न तापवलेलं दूध कटऑफच्या (पॉझिटिव्ह धरायच्या मर्यादेच्या) किंचित वर. आणि मुळ्याची कोशिंबीर? सगळ्यांत गडद! कल्चरमध्ये (जिवंत जंतू वाढवून बघण्यात) मात्र पनीरमध्ये स्टॅफ भरपूर, दुधात आणि कोशिंबिरीत काहीच नाही.

सर म्हणतात, "कल्चर निगेटिव्ह ना, मग टॉक्सिनही निगेटिव्ह लिहून टाक." माझं मन घेत नाही. पण मुळा एवढा गडद यावा हेही पटत नाही. खोटं पॉझिटिव्ह ओळखायचं कसं?

प्रतिसाद १
आधी प्लेट नीट धुतली होती का ते बघा. आमच्याकडे निम्मी भुतं प्लेट धुणाऱ्या वॉशरच्या तुंबलेल्या सुईतून निघाली आहेत. प्रत्येक नमुना प्लेटच्या दोन वेलमध्ये (खळग्यांमध्ये) लावला होता ना?

धागाकर्ती
हो, दोन्ही वेल जुळतात. निगेटिव्ह कन्ट्रोलही स्वच्छ आहे.

प्रतिसाद २
मग दोष धुण्याचा नाही, पदार्थाचा आहे. हॉर्सरॅडिश म्हणजे मुळ्याच्याच कुळातली भाजी. तुमच्या कॉन्जुगेटवरचं एन्झाइम तिच्या मुळांतून काढतात आणि कच्च्या मुळ्यात त्याचे भाऊबंद खच्चून भरलेले असतात. ते वेलला चिकटून राहिले, धुऊन गेले नाहीत, की टीएमबी पडल्याबरोबर निळं. टॉक्सिनचा काही संबंध नाही. दुधाचंही तसंच. ७२ अंशांवर १५ सेकंदांच्या पाश्चरायझेशनमध्ये दुधातलं तसलंच एन्झाइम, लॅक्टोपेरॉक्सिडेज, बरंचसं टिकतं, ८० च्या आसपास गेलं की मरतं. गुलाबजाम तळलेले, त्यामुळे तिथे हा प्रश्न आलाच नाही.

ओळखायला सोपं आहे. नमुना घाला, धुवा, कॉन्जुगेट अजिबात न घालता थेट टीएमबी घाला. रंग आला तर तो पदार्थाचा स्वतःचा. मग नमुन्याच्या अर्कातलं पेरॉक्सिडेज सोडियम अझाइडने मारून पुन्हा लावा. पण कॉन्जुगेट घालण्याआधी अझाइड पूर्ण धुऊन काढा, नाहीतर ते किटचंच एन्झाइम मारेल आणि खरं पॉझिटिव्हही निगेटिव्ह दिसेल. म्हणून बाजूला एका वेलमध्ये माहीत असलेलं टॉक्सिन मिसळलेला तोच अर्क हवाच. अझाइड विषारी आहे, आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. रंग थांबवायला शेवटी घालता ते स्टॉप सोल्यूशन आम्लच आहे ना? ते पाणी एकत्र ओतू नका, सिंकमध्ये तर नकोच. अर्क उकळून सुटका करून घ्यायचा मोह होईल, पण उष्णतेने टॉक्सिनचा आकार बिघडला तर अँटिबॉडी ते ओळखणारच नाही.

पनीरची गोष्ट वेगळी. जिथे स्टॅफ भरपूर तिथे प्रोटीन ए, म्हणजे स्टॅफचं स्वतःचं एक प्रथिन. ते सशाच्या आयजीजी अँटिबॉडीला शेपटीकडून धरतं. खालची अँटिबॉडी आणि वरचं कॉन्जुगेट यांना जोडलं की टॉक्सिन नसतानाही सँडविच तयार! ते उष्णतेलाही दाद देत नाही. उपाय म्हणजे अर्कात आधी सामान्य सशाचा सीरम मिसळून ठेवा, प्रोटीन ए त्यातच अडकतं. सिग्नल कोसळला तर खोटा, टिकला तर टॉक्सिन. कोंबडीच्या अँटिबॉडीचं किट मिळालं तर ही कटकटच नाही, तिला प्रोटीन ए धरत नाही.

आणि सरांना नम्रपणे सांगा, कल्चर निगेटिव्ह म्हणून टॉक्सिन निगेटिव्ह होत नाही. जंतू शिजून मरतात, पण टॉक्सिनची उलट्या घडवण्याची ताकद उकळीनंतरही टिकू शकते, मग अँटिबॉडीला ते ओळखू येवो वा न येवो. २००० साली जपानमधल्या ओसाका भागात दुधाने १३ हजारांवर लोक आजारी पडले. ज्या स्किम दूध पावडरमधून टॉक्सिन आलं, तिच्यात जिवंत स्टॅफ सापडला नव्हता.

प्रतिसाद १
माझी सुई मागे घेतो. मुळ्याचा मुद्दा माहीत नव्हता.

धागाकर्ती
आज लावून बघितलं. कोशिंबीर कॉन्जुगेटशिवायच दोन मिनिटांत निळी! दूधही फिकट निळं. अझाइडनंतर दोन्ही कटऑफच्या खाली आले आणि टॉक्सिन मिसळलेले वेल व्यवस्थित पॉझिटिव्ह राहिले. पनीर मात्र सीरम घालूनही जवळजवळ तेवढंच आहे. सरांनी वाचून फक्त "हं" म्हटलं. उरलेलं पनीर फ्रीझरमध्ये आहे, उद्या वेगळ्या पद्धतीने तपासणाऱ्या लॅबला पाठवते. बर्फात पॅक करून कुरिअरने दिलं तर चालेल ना?