एमएलआयएसला ३.० जीपीए मागतात, बी.ए.ला ५८ टक्के आहेत. अर्ज करावा का?

जुनीपाने: अमेरिकेत लायब्ररी सायन्समध्ये मास्टर्स (एमएलआयएस) करायचंय. बहुतेक ठिकाणी किमान ३.० जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) लिहिलंय. माझे ५८ टक्के चारने गुणून शंभराने भागले की २.३२ येतात. दुसऱ्या वर्षी गुण घसरले, तिसऱ्या वर्षी सावरले. नंतर बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदवी) केलं, त्यात ६४ टक्के. फी भरून अर्ज करण्यात अर्थ आहे का? खूप धास्ती वाटतेय.

रुईपत्र: तो गुणाकार आधी सोडा, तो चुकीचाच आहे. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्था 'कोर्स-बाय-कोर्स' अहवालात प्रत्येक विषयाचे गुण अमेरिकन ग्रेडमध्ये बदलतात आणि मग क्रेडिटनुसार, म्हणजे विषयाच्या वजनानुसार, सरासरी काढतात. आपल्याकडे ६० म्हणजे फर्स्ट क्लास, हे त्यात धरलेलं असतं. त्यामुळे ५८ चा जीपीए २.३२ च्या बराच वर जातो. त्यांच्या साइटवर जीपीएचा अंदाज देणारा आयजीपीए कॅल्क्युलेटर आहे, गुणपत्रिका घेऊन एकेक विषय भरून बघा. मात्र अहवालाचे पैसे भरण्याआधी त्या विद्यापीठाला कोणाचा अहवाल चालतो ते विचारा. काही विद्यापीठं मूल्यमापन स्वतःच करतात.

शेल्फ_०२०: तुमची खरी जमेची बाजू बी.लिब. आहे. तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी अपुरी धरतात, तिथे हे चौथं वर्ष उपयोगी पडू शकतं. शिवाय बरीच विद्यापीठं शेवटच्या ६० क्रेडिटचा, म्हणजे साधारण शेवटच्या दोन वर्षांचा जीपीए बघतात. प्रवेश समन्वयकाला ईमेल करून दोनच गोष्टी विचारा: जीपीए एकूण की शेवटच्या ६० चा, आणि बी.लिब.चे गुण त्यात धरतात का.

तरीही आकडा थोडा कमी पडला, तर अनेक ठिकाणी विभाग ग्रॅज्युएट स्कूलकडे (विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेश कार्यालयाकडे) अपवादाची शिफारस करू शकतो. त्यासाठी विभागाच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबतच्या निबंधात) दुसऱ्या वर्षाबद्दल दोन-तीन वाक्यं पुरेत: कारण, आणि पुढच्या वर्षांचे गुण. अख्खा परिच्छेद सफाई देण्यात घालवला की वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं. एक शिफारसपत्र बी.लिब.च्या प्राध्यापकांकडून घ्या. वर्गीकरण, तालिकीकरणातलं नेमकं काम त्यात आलं पाहिजे. 'कष्टाळू विद्यार्थिनी' एवढ्याने काही होत नाही.

रुईपत्र: आणि जीपीएच्या नादात एएलएची (अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची) मान्यता तपासायला विसरू नका, तिकडच्या ग्रंथपालांच्या बऱ्याच नोकऱ्यांना ती लागते. कोर्स पूर्ण ऑनलाइन असेल तर त्यावर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि एमएलआयएसचे कितीतरी कोर्स तसेच आहेत.

जुनीपाने: कॅल्क्युलेटर आजच भरते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) आत्ताच मागवू का?

शेल्फ_०२०: हो, आजच. उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो. बी.ए. आणि बी.लिब. दोन्हींच्या मागवा.